आईचा डोळा आणि बाथरूमची पट्टी

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वैशाखात झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मग काळा चष्मा, तासातासाला थेंब, डोक्यावरून अंघोळ नाही, खाली वाकायचं नाही ही सगळी पथ्यं झाली. पाचव्या की सहाव्या दिवशी सकाळी पेणच्या घरी ती बाथरूममध्ये गेली ती बाहेरच येईना. मी दार वाजवलं. आतून तिचा आवाज आला, "अरे, हे असं कधी झालं?"

आत गेलो तर ती फ्लश टँकसमोर उभी. टँक पिवळा. टाइल्सच्या कडेने फिरवलेली प्लास्टिकची पट्टी पिवळी, दाराची चौकट पिवळी, आरशाचं कपाट तर चक्क गाईच्या तुपाच्या रंगाचं. मला त्यात नवीन काहीच नव्हतं. गेली सात-आठ वर्षं ते तसंच होतं. आईला मात्र ते त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं एवढंच आपल्याला माहीत असतं. पण वयाप्रमाणे ते भिंग पिवळंही होत जातं, अगदी सावकाश, त्यामुळे बघणाऱ्याला कळतच नाही. पिवळ्या काचेतून बघणाऱ्याला पिवळट पांढरं आणि शुभ्र पांढरं सारखंच. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवलं की एकदम निळा रंग परत येतो. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं १९२३ मध्ये असंच उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि नंतर त्याला जग फार निळं दिसतंय म्हणून तो वैतागला होता. आई मोने नव्हे. ती वैतागली ती पिवळ्यावर.

आणि वैतागली म्हणण्यापेक्षा ओशाळली. "दर गणपतीला तीस-तीस माणसं येतात घरी. सगळ्यांनी हेच पाहिलं असेल. तुम्ही कोणी बोलला का नाहीत?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं पण देण्यासारखं नव्हतं. आम्ही बोललो होतो, फक्त तिच्याशी नाही. आम्ही भावंडं फोनवर एकमेकांना म्हणालो होतो की आईचं आता घराकडे पूर्वीसारखं लक्ष नाही, वय झालं. आणि ती बाई रोज ते बाथरूम घासत होती! हे वाचणाऱ्या नातेवाईकांपैकी ज्यांना जे आठवायचं ते आठवेल. असो.

तर गणपतीच्या आत हे पांढरं करायचं असं ठरलं. मी आधी अर्थातच घासायला बसलो. खायचा सोडा झाला, लिंबू झालं, ब्लीच झालं, संडासात टाकायचं निळं लिक्विड झालं. पट्टी चकचकीत झाली, पण चकचकीत पिवळी. शेवटी आमच्या आळीतल्या गणपतीच्या कारखान्यातल्या काकांना बोलावलं. ('कारखाना' म्हणजे पेणमध्ये भोंगा वाजणारा कारखाना नव्हे. पडवीत नाहीतर मांडवात फळ्यांवर शेदोनशे गणपती ओळीने बसलेले असतात, त्याला पेणमध्ये कारखानाच म्हणतात.) काकांनी अंगठ्याच्या नखाने पट्टीची कड खरवडली. आत पांढरीशुभ्र. ते म्हणाले, "हे मळलेलं नाही, पिकलंय. मळ घासून जातो. पिकलेलं पान घासून हिरवं होतं का?"

मग मला नाद लागला. हे पिकतं कसं, आणि हे पांढरं प्लास्टिक आमच्या घरात आलं तरी कधी?

आजोबांच्या वेळी या जागी न्हाणी होती. मागच्या पडवीला लागून, काळ्या दगडाची फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब, पाणी जायला एक भोक आणि त्यातून कधीमधी येणारा बेडूक. भिंतींना चुना. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास सगळ्या घराला चुना लागायचा. कोकणात खडीचा चुना मिळायचाच, शिवाय समुद्रकाठी शिंपल्या भाजूनही चुना करत. तो भिजवायचा, गाळायचा, कपड्यांना लागू नये म्हणून त्यात डिंकाचं पाणी घालायचं, आणि शेवटी नीळ.

ही नीळ महत्त्वाची. चुना नुसता लावला तर वाळून जरा पिवळसर झाक येते. त्यात चिमूटभर नीळ पडली की डोळा फसतो आणि भिंत दुधासारखी दिसते. नाव जरी नीळ असलं तरी पुडीतली ही नीळ म्हणजे शेतात पिकणारी नीळ नव्हे. ते अल्ट्रामरीन. हा रंग एके काळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून येणाऱ्या लाजवर्द खड्याची पूड करून मिळवत, आणि युरोपात तो इतका महाग होता की १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने तो स्वस्तात बनवून दाखवणाऱ्याला ६००० फ्रँकचं बक्षीस लावलं. ते १८२८ मध्ये गिमे नावाच्या माणसाला मिळालं. त्यानंतर पन्नासएक वर्षांत राजेरजवाड्यांचा तो रंग धोब्याच्या घमेल्यात पोचला. चुन्यात तो चालतो याचं कारणही पक्कं आहे. चुना तीव्र अल्कली, त्यात प्रशियन ब्लूसारखे रंग मरतात, अल्ट्रामरीन मात्र टिकतं. (आम्लात उलटं. लिंबू पिळलं की नीळ फिकी पडते आणि सडक्या अंड्याचा वास येतो. लहानपणी हा प्रयोग करून मी मार खाल्लेला आहे.)

मुद्दा असा की तेव्हाचं पांढरं एका वर्षाचं होतं. पुढच्या दिवाळीपर्यंत ते पोपडे धरणार, ओल धरणार, पिवळं पडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. भिंत पिवळी झाली म्हणून आजीला कोणी नावं ठेवत नव्हतं. दिवाळी आली की चुना लागायचाच.

१९९८ मध्ये बाबांनी न्हाणी पाडून 'बाथरूम' केलं. बंब माळ्यावर गेला, गीझर आला. पांढऱ्या टाइल्स, टाइल्सच्या कडांना पांढरी प्लास्टिकची पट्टी, पीव्हीसीचं दार, प्लास्टिकचा फ्लश टँक. लाकडाचं दार पाण्याने कुजतं, खालच्या बाजूला पत्रा मारावा लागतो, तो गंजतो, यातून सुटका. मला बाबांचं वाक्य स्पष्ट आठवतंय, "आता इथे जन्मात रंग द्यायला नको." ते वाक्य बाबांचं एकट्याचं नव्हतं. प्लास्टिक सगळीकडे त्याच वचनावर विकलं गेलं. माझ्या मते त्या बाथरूममध्ये खरी नवी गोष्ट हे वचनच होतं, टाइल्स नव्हेत.

आता या पीव्हीसीची गंमत बघा. १८७२ मध्ये ओयगेन बाउमान नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने व्हिनाइल क्लोराइड हा वायू काचेच्या नळ्यांत भरून उन्हात ठेवला. उन्हाने त्यात पांढरी भुकटी जमली. तेच पीव्हीसी. त्याचं काय करायचं हे पुढची पन्नास वर्षं कोणाला कळलं नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन याने ते मऊ करायची युक्ती काढली आणि मग त्याचे रेनकोट, वायरी, पडदे झाले. आपल्याकडे अहमदाबादच्या कॅलिको मिलने १९५० च्या दशकात मुंबईला चेंबूरमध्ये ते बनवायला सुरुवात केली. पॉलिकेम या कंपनीने १९५७ मध्ये, तेही चेंबूरलाच, पॉलिस्टायरिन काढलं. म्हणजे भारतातल्या पांढऱ्या प्लास्टिकचं बाळपण पेणपासून खाडीपलीकडेच गेलं.

तर जे उन्हात जन्मलं ते उन्हानेच पिवळं होतं. पीव्हीसीच्या लांबलचक साखळीत जागोजागी क्लोरीन असतो. ऊन आणि उष्णता यांनी साखळीतून हायड्रोजन आणि क्लोरीन जोडीने निसटतात, हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन. ते गेले की मागे राहिलेल्या कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतात, एकाआड एक. अशी सहा-सात बंधांची ओळ झाली की ती निळा प्रकाश गिळू लागते. निळा गेला की डोळ्याला उरतं ते पिवळं. फ्लश टँक आमचा एबीएसचा आहे, त्यात रबराचा अंश असतो आणि तो हवेतल्या प्राणवायूने पिवळा पडतो. रस्ता वेगळा, मुक्काम एकच.

म्हणजे आईच्या डोळ्यातलं भिंग आणि बाथरूमची पट्टी ही दोघं इतकी वर्षं एकच काम करत होती, निळा प्रकाश गिळायचं. दोघं बरोबरीने पिकत गेली, म्हणून तिला फरक दिसला नाही.

हे होऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये स्टॅबिलायझर घालतात आणि टायटॅनियम डायऑक्साइड नावाचं पांढरं रंगद्रव्य घालतात. ते ऊन अंगावर घेतं. साधारण शंभर वर्षांपूर्वी ते नॉर्वे आणि अमेरिकेत निघालं आणि त्याने शिशाच्या सफेद्याला हळूहळू हुसकावून लावलं. बरंच झालं, सफेदा विषारी. आपल्याकडे ते करायला त्रावणकोर टायटॅनियम ही कंपनी १९४६ मध्ये तिरुवनंतपुरमला स्थापन झाली, कारण त्याचं खनिज, इल्मेनाइट, केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. तशी काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. जगातली सगळ्यात पांढरी वस्तू काळ्या वाळूतून निघते हे मला अजून पटत नाही.

पण टायटॅनियम महाग. म्हणून स्वस्त पट्टीत ते कमी आणि कॅल्शियम कार्बोनेट जास्त. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडू. आणि भिंतीला लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन काय होतो? तोही कॅल्शियम कार्बोनेटच. आजोबांच्या न्हाणीचा चुना आणि बाबांच्या बाथरूमची पट्टी यांत पांढरेपणा आणणारी माती एकच निघाली.

मी हे सगळं आईला सांगत होतो तेव्हा ती म्हणाली, "प्लास्टिक म्हणजे नागोठण्याचं का?"

हा प्रश्न आमच्याकडे कोणीही विचारेल. आईचं माहेर रोहा. पेणहून रोह्याला निघालं, रेल्वेने काय किंवा एसटीने काय, वाटेत नागोठणं लागतं आणि रात्रीचा प्रवास असला तर कॉम्प्लेक्सची ज्योत दिसते. मुंबई हायचा वायू उरणला किनाऱ्यावर येतो. त्यातल्या इथेन आणि प्रोपेनपासून प्लास्टिक करण्यासाठी आयपीसीएल या सरकारी कंपनीने रोहा तालुक्यात नागोठण्याला हा प्रकल्प उभारला. तो चालू होतो न होतो तोच नोव्हेंबर १९९० मध्ये तिथे वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून जास्त माणसं गेली. त्या रात्री रोह्याला आजोळी कोणी झोपलं नव्हतं, आळीतली मुलं तिथे कामाला होती. पुढे २००२ मध्ये सरकारने कंपनीतला मोठा हिस्सा रिलायन्सला विकला आणि २००७ मध्ये आयपीसीएल हे नावही गेलं. गावात मात्र अजून 'आयपीसीएलला' कामाला जाणारे लोक आहेत!

तर आईच्या प्रश्नाचं उत्तर: पट्टी नागोठण्याची नव्हे. तिथलं प्लास्टिक पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिनच्या घराण्यातलं. पट्टीखाली ठेवलेली बादली नागोठण्याची असू शकते. बादली पिवळी झालेली नव्हती, ती निळी होती.

आणि निळं म्हटलं की रोहा आलंच.

माझा मोठा मामा धाटावला रंगद्रव्याच्या कंपनीत निळ्या खात्यात होता. धाटाव म्हणजे रोह्याची एमआयडीसी, सत्तरच्या दशकापासून वाढलेली. पुण्याच्या सुदर्शन केमिकल्सचा रंगद्रव्यांचा कारखाना तिथे, कलर-केमचा तिथे (पुढे त्याचं क्लॅरियंट झालं, मग हॉयबाख), गावाचंच नाव लावणारी रोहा डायकेम तिथे, ती खाण्याचे रंग करते. मामा कोणत्या कंपनीत होता ते सांगत नाही, कारण पुढे मामीची तक्रार येणार आहे. मामाचे बनियन निळे, रुमाल निळे, उशीच्या अभ्र्यावर निळा डाग. कान कितीही घासले तरी पाळीमागे निळं असायचंच. मामी त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि म्हणायची, "पगार पांढरा आणतात, बाकी सगळं निळं." आम्हा भाच्यांना मात्र सुट्टीत त्याचा फार अभिमान वाटायचा. आमच्या आळीत निळा मामा दुसऱ्या कोणाला नव्हता.

मामा ज्याला 'सीपीसी' म्हणायचा ते कॉपर थॅलोसायनिन. त्याचीही जन्मकथा अपघाताची. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रंगकारखान्यात एक पांढरं रसायन तयार होत असताना भांड्याचा आतला मुलामा तडकला, लोखंड उघडं पडलं आणि पांढऱ्या मालात निळे कण दिसू लागले. दुसरा कोणी असता तर तो माल फेकून भांडं दुरुस्त केलं असतं. तिथल्या लोकांनी कण वेगळे काढून तपासले. लोखंडाऐवजी तांबं घातलं की आणखी सुंदर निळा मिळतो हे कळलं आणि १९३५ पासून तो बाजारात आला. उन्हाला, आम्लाला, अल्कलीला, कशालाच दाद न देणारा निळा. थॅलिक अनहायड्राइड, युरिया आणि तांब्याचा क्षार एकत्र तापवायचे, मग निघालेला कच्चा माल मिठासारख्या कशाबरोबर तासन् तास दळायचा. छापायची शाई, बादल्या, ताडपत्र्या, बसचा रंग, सगळीकडे तो आहे. गाडीभर पांढऱ्याला तो चमचाभर पुरतो.

याची किंमत कुंडलिकेने दिली. कोलाडला लोक रबरी होड्यांतून तिच्या पाण्यात उड्या मारतात. ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी, १९२७ पासून चालू असलेलं. तिथून खाली धाटाव ओलांडल्यावर त्याच नदीत आजोळच्या बायकांनी धुणं न्यायचं कधीच बंद केलं. मामा रोह्याचा पूल ओलांडताना खाली बघायचा नाही. त्याला विचारलं तर विषय बदलायचा. घर त्याच रंगावर उभं होतं, तो काय बोलणार?

रंगाच्या धंद्यात आता काय चाललंय ते त्याला सांगायला हवं होतं. मार्च २०२५ मध्ये सुदर्शनने जर्मनीच्या हॉयबाखचा सगळा रंगद्रव्यांचा धंदा विकत घेतला. म्हणजे ज्या जर्मनांकडून आपण हे रंग शिकलो त्यांचा जुना धंदा पुण्याच्या कंपनीकडे आला, आणि धाटावमध्ये पन्नासएक वर्षं शेजारी राहून एकमेकांशी स्पर्धा करणारे दोन कारखाने एका मालकाचे झाले. मामा असता तर म्हणाला असता, "युनियन कोणाची राहणार ते सांग."

आता परत पेणला, कारण काम तिथेच अडलं होतं.

काका म्हणाले, रंगवू, पण गणपतीसारखं रंगवू. म्हणजे काय ते मला दोन दिवस कारखान्यात बसून कळलं. पेणला गणपती शाडूचेही होतात आणि जवळच्या हमरापूर-जोहे भागात प्लास्टरचे प्रचंड प्रमाणावर होतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या नियमांनी प्लास्टरवर गदा आली. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मूर्ती करायला मोकळीक दिली, पण परवानगीशिवाय नदी-समुद्रात विसर्जन नाही असं बजावलं. ते सगळं डोक्यावर टांगलेलं असताना काम मात्र शांतपणे चालू होतं. कच्ची मूर्ती वाळली की तिला पॉलिश पेपर. मग पांढरा हात. मग अंगाचा रंग, पितांबर, स्प्रेगनने शेडिंग, सोनेरी, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. काकांच्या म्हणण्याप्रमाणे लोक डोळे बघतात, पण मूर्ती टिकते ती पॉलिश पेपरवर. "खालचा हात कच्चा तर वरचा रंग उपरा."

तेच प्लास्टिकला लागू. आम्ही ज्येष्ठात सुरू केलं, पाऊस तोंडावर. आधी कपडे धुवायच्या साबणाने सगळं धुतलं, कारण साबणवडीची आणि तेलाची अदृश्य राप असते. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून पिवळा थर फिका होईपर्यंत घासला. चकाकी जायलाच हवी, चकचकीत प्लास्टिकला रंग धरत नाही. स्पिरिटने पुसलं. कपाटाच्या मागच्या बाजूला थिनरचा थेंब टाकून बघितला, कारण काही प्लास्टिकं थिनरमध्ये विरघळतात. मग प्लास्टिकसाठी मिळणारा प्रायमर, अगदी पातळ. मग रंगाचे तीन हात, प्रत्येक इतका पातळ की पहिल्या हाताला आई म्हणाली, "हा काय, पाणी मारलंस का?"

रंगाच्या डब्यावर शिसं ९० पीपीएमच्या आत आहे हे बघून घेतलं. २०१७ च्या नोव्हेंबरपासून भारतात घरच्या रंगांना ते बंधन आहे. त्याआधीचा डबा माळ्यावर असेल तर तो वापरू नका, एवढं कळकळीने सांगतो.

दोन गोष्टी फसल्या. टँकचं झाकण मी रंगवण्याऐवजी 'शास्त्रीय पद्धतीने' पांढरं करायला गेलो. २००८ च्या सुमारास जुने संगणक जमवणाऱ्या लोकांनी शोधलं की हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पिवळं एबीएस पांढरं होतं. मी ब्यूटी पार्लरमधलं केसांचं ब्लीच आणून फासलं आणि झाकण गच्चीवर ठेवलं. झालं पांढरं, पण वाघासारखं पट्ट्यापट्ट्यांचं. शेवटी तेही रंगवलं. आणि दाराच्या कडेची मऊ पट्टी, तिला लावलेला रंग आज तीन महिने झाले तरी बोटाला चिकटतो. मऊ पीव्हीसीमध्ये तेलासारखं द्रव्य असतं, ते रंगात उतरून त्याला वाळूच देत नाही. त्या पट्टीला रंग लावू नये, ती बदलावी. आमच्या दाराला आता उदबत्तीची राख आणि दोन मुंग्या कायमच्या चिकटलेल्या आहेत.

शेवटचा हात द्यायच्या आधी काका डब्यात बघून म्हणाले, "नुसता पांढरा लावलात तर टाइल्सपुढे मळका दिसेल. निळं टाका." हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनरची छोटी बाटली आणली. त्यांनी काडीच्या टोकावर थेंब घेतला, तोही अर्धा डब्याच्या काठाला पुसला, आणि उरलेला ढवळला. बाटलीवर लिहिलेलं नाव वाचलं तर थॅलोच. आई दारात उभी होती. "म्हणजे दादाचाच की," ती म्हणाली. मामाला जाऊन चार वर्षं झाली.

रंग वाळल्यावर मी तिला बोलावलं. ती आत गेली, टँक बघितला, पट्टीवरून हात फिरवला, आरशाचं कपाट उघडून आतही बघितलं (आत मी रंगवलेलं नव्हतं, ते तिने पकडलं). मग तिने तळहाताने डावा डोळा झाकला. मग उजवा झाकला. मग परत डावा. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय, डॉक्टरांनी तुळशीच्या लग्नानंतरची तारीख दिली आहे.

"या डोळ्याने पांढरं आहे," ती म्हणाली. "आणि या डोळ्याने अजून तसंच आहे, तुम्ही सगळे म्हणत होता तसं."

आम्ही तिच्याशी कधीच काही म्हटलं नव्हतं. तिला कसं कळलं ते मी विचारलं नाही.